आधी आलेले, नंतर आलेले

पिंपरी-चिंचवडमधल्या रहाटणीत कोकणे चौकातून नखाते वस्तीकडे चालत निघालं की विजेच्या खांबांवर, बंद शटरवर पाट्या दिसतात : 'रूम भाड्याने देणे आहे. फक्त फॅमिली.' चाकणच्या कंपनीत नुकताच लागलेला, दोघा मित्रांबरोबर खोली शोधणारा लातूरकडचा मुलगा ती पाटी वाचतो आणि पुढच्या गल्लीत वळतो. रहाटणीत त्याला कुणी ओळखत नाही, त्याने कुणाचं काही बिघडवलेलं नाही. तरी तो कसा वागेल हे आधीच ठरलेलं असतं. घरमालकाला विचारलं तर उत्तर तयार असतं, 'अनुभव आहे आम्हाला.' हा अनुभव नेमका कुणाचा आणि कुणाविषयीचा, याचा शोध नॉर्बर्ट एलियास या समाजशास्त्रज्ञाने जितक्या खोलात जाऊन घेतला, तितका फार थोड्यांनी घेतला असेल.

एलियासचा जन्म 1897 मध्ये ब्रेस्लाऊचा, एका ज्यू कुटुंबातला. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा त्याने जर्मनी सोडली. आईवडील 1938 मध्ये त्याला भेटायला लंडनला आले होते. इथेच राहा म्हणून त्याने परोपरीने विनवलं, पण आपली सगळी माणसं तिकडे आहेत म्हणून ते परत गेले. वडील 1940 मध्ये वारले, आई नाझींच्या छावणीत मारली गेली. 1939 मध्ये निघालेल्या त्याच्या मुख्य ग्रंथाकडे पुढची तीसेक वर्षं जवळपास कुणी पाहिलं नाही. आयुष्याचा बराच काळ उंबऱ्याबाहेर राहिलेला हा माणूस सांगत होता की आतून बंद, स्वयंपूर्ण असा 'मी' ही आधुनिक माणसाची समजूत आहे. व्यक्ती एकीकडे आणि समाज दुसरीकडे अशी दोन टोकं प्रत्यक्षात कुठेच नसतात. असतात ती एकमेकांवर अवलंबून असलेली माणसं आणि त्यांच्या अवलंबनातून घडणारी, सतत बदलणारी रचना. लेझीम खेळणारे बाजूला काढले तर लेझमीचा डाव उरत नाही, आणि डाव सोडून एकट्याचं पाऊल समजतही नाही.

हे वाचायला सोपं आहे, पण त्याची धार कळते ती 1965 मध्ये जॉन स्कॉट्सनबरोबर त्याने लिहिलेल्या पुस्तकात. लेस्टरजवळच्या एका वस्तीला त्यांनी 'विन्स्टन पार्वा' हे टोपणनाव दिलं. तिथे दोन कामगारवस्त्या शेजारी शेजारी होत्या. भाषा एक, धर्म एक, वंश एक, पगारही जवळपास सारखे. फरक एवढाच की एका वस्तीतली घराणी दोन-तीन पिढ्यांपासून तिथे होती आणि दुसरीतली माणसं नंतर आलेली, त्यांतली बरीच महायुद्धातल्या बॉम्बफेकीमुळे लंडन सोडून आलेली. एवढ्याशा फरकावर जुन्यांनी नव्यांना हलकं ठरवलं. पबमध्ये त्यांच्याशी बोलणं टाळलं, मंडळांच्या जागा आपल्याकडे ठेवल्या. नव्या वस्तीतल्या मुलांची गुन्हेगारी आधी थोडी जास्त होती. संशोधन चालू असतानाच ती जुन्यांच्या पातळीवर आली. बदनामी मात्र जिथल्या तिथे राहिली.

रहाटणीत हे वाचताना दचकायला होतं. इथेही गाववाले आणि बाहेरून आलेले, दोन्हीकडची माणसं शेतकऱ्यांचीच मुलं आहेत. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग एमआयडीसी, 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, 1982 मध्ये महापालिका. आसपासच्या गावांची शिवारं संपादनात गेली आणि संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के परताव्यासाठी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. बाहेरून आलेल्यांच्या घरीही शेतीच होती. ती पावसाने आणि बाजारभावाने हातची गेली. 2001 मध्ये दहा लाखांच्या आसपास असलेलं शहर 2011 मध्ये सव्वासतरा लाखांवर गेलं ते अशा माणसांमुळे. गाववाल्याच्या तीन मजल्यांचं भाडं याच मुलांच्या पगारातून येतं, आणि मुलांच्या डोक्यावरचं छप्पर गाववाल्याचं. दोघे एकमेकांशिवाय जगू शकत नाहीत. तरी एकाला वाटतं, आपण मूळचे म्हणून चांगले. दुसऱ्याला वाटतं, आपलं नशीबच खोटं. दोघेही जागेने दिलेली गोष्ट स्वभावाच्या खात्यावर मांडतात.

एलियासचं एक निरीक्षण इथे जसंच्या तसं लागू पडतं. जुनी माणसं आपली ओळख आपल्यातल्या उत्तमांवरून सांगतात आणि नव्यांची त्यांच्यातल्या वाईटांवरून. गावातला एक पैलवान मैदान मारतो तेव्हा अख्खं गाव तालेवार होतं. एका खोलीत रात्री भांडण झालं तर 'ही बाहेरची पोरं' म्हणून सगळे बॅचलर मोजले जातात. नवेही गप्प बसत नाहीत, ते जमिनीच्या पैशावर मिरवणाऱ्या गाववाल्याला 'गुंठामंत्री' म्हणतात. पण हा शब्द गाववाल्याला फारसा बोचत नाही, कारण त्यामुळे कुणाची खोली जात नाही. शिव्या दोन्हीकडे असतात, पण लागते ती ताकदवानाची.

ही ताकद येते एकीतून, आणि एकी येते एकत्र काढलेल्या वर्षांतून. माझ्या मते रहाटणी विन्स्टन पार्वाच्या पुढे गेली आहे ती इथे. तिथल्या नव्यांना निदान एका घरात वीसेक वर्षं काढता आली. आपण तीही सोय ठेवलेली नाही. वर्षभरात कामाचे 240 दिवस भरले तर कामगाराला हक्क मिळतो, म्हणून कंत्राटी मुलाला त्याआधीच 'ब्रेक' मिळतो. घराचा करार अकरा महिन्यांचा. वर्षाच्या आतला भाडेपट्टा नोंदवावा लागत नसे, म्हणून ही रीत पडली. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रत्येक करार नोंदवणं सक्तीचं केलं तरी ती सुटली नाही. ब्रेक मिळाला की मुलगा मेसचे पैसे चुकते करतो, गादी मित्राकडे टाकतो, गावी जाऊन येतो आणि पुन्हा नव्या ठेकेदाराकडे, नव्या गल्लीत उभा राहतो. दहा वर्षं शहरात राहूनही तो नवाच. शेजार जमत नाही, मंडळाच्या पावतीपलीकडे ओळख जात नाही. मग आपणच म्हणतो, या लोकांना इथलं काही पडलेलं नाही.

यावर कुणी म्हणेल, त्रास देणारी पोरं असतातच की. असतात. ज्याने दंगा केला त्याला जबाबदार धरायलाच हवं. पण तेव्हा त्या एकाला धरावं. त्याच्या जिल्ह्याला, वयाला आणि लग्न न झालेल्या सगळ्यांना नव्हे. माणसाला व्यक्ती म्हणून वागवणं ते हेच. आपल्याकडे नेमकं उलटं चाललं आहे : पाटी लावताना तो एका टोळीतला, आणि नोकरी गेली की दोष त्याच्या एकट्याचा.

हे बदलण्याची सुरुवात करार करताना करता येते. रहाटणीतल्या घरमालकांनी भाडेकरूशी तीन वर्षांचा करार करून पाहावा, कायद्याची आडकाठी नाही. सोसायट्यांनी भाडेकरूला मत देता येत नसलं तरी सभेत बसवून त्याचं म्हणणं ऐकावं. आणि इथे वर्षानुवर्षं राहूनही मतदानाला गावी जाणाऱ्यांनी पत्ता बदलण्याचा फॉर्म 8 भरून आपलं नाव इथल्या मतदार यादीत आणावं.