मुसाफिराचे अंगण

वाचकहो, एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा. ज्या घरात आपण अवघी दोन-चार वर्षे राहणार आहोत, जे आपल्या मालकीचे नाही आणि जेथे आपल्या पूर्वजांची एकही कबर नाही, त्या घराच्या अंगणातील वाळलेले गवत कापणे हे आपले कर्तव्य आहे काय?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असे प्रदेश आहेत जेथे त्याच्या उत्तरावर शेजाऱ्याचे प्राण अवलंबून असतात. ऑस्ट्रेलियाचा ग्रामीण भाग हा त्यांपैकी एक. तेथे आज आपली माणसेही राहतात. परदेशात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांना त्या देशात सामान्यतः 10 वर्षे डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करावे लागते. त्यामुळे भारतातून गेलेली अनेक डॉक्टर कुटुंबे मोठ्या शहरांपासून दूर, गव्हाची शेते, मेंढ्यांची कुरणे आणि निलगिरीची राने यांच्या सान्निध्यात संसार मांडतात. उद्या त्यांत तुमचा मुलगा असेल, तुमची मुलगी असेल.

तेथला वणवा आपल्या कल्पनेतील वणव्यासारखा नसतो. निलगिरीच्या पानांत तेल असते आणि अनेक जातींच्या सालींच्या लांब पट्ट्या खोडांवर लोंबत असतात. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, वाळवंटाकडून तप्त वारे येतात. एकदा आग पेटली की जळत्या सालींचे निखारे वाऱ्यावर कित्येक किलोमीटर पुढे जाऊन पडतात. डोंगराच्या चढावर तर प्रत्येक 10 अंशांच्या उतारामागे आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. पुष्कळशी घरे ज्वालांच्या भिंतीने जळतच नाहीत. छताच्या पन्हळीत साचलेला पाचोळा, दारातील पायपुसणे, भिंतीलगत रचलेली लाकडे, यांवर एखादा निखारा पडतो आणि घर आतून पेट घेते.

7 फेब्रुवारी 2009 रोजी व्हिक्टोरिया राज्यात असेच घडले. त्या दिवशी मेलबर्नचे तापमान 46 अंशांच्या पुढे गेले होते. एका दिवसाच्या वणव्यांनी 173 माणसांचे प्राण घेतले आणि 2,000 हून अधिक घरांची राख केली. मृतांपैकी बहुसंख्य लोक आपापल्या घरांतच सापडले. थांबून घर वाचवता येईल, किंवा वेळ आली की निघता येईल, असा त्यांतील अनेकांचा समज होता. 2019-20 च्या उन्हाळ्यात पुन्हा वणवे पेटले तेव्हा 3,000 हून अधिक घरे गेली.

आता अशा प्रदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी एका कुटुंबाची कल्पना करा. भाड्याचे घर आहे. मागे अर्धा एकर मोकळी जागा असून तिच्यावर कमरेइतके गवत वाळून पिवळे पडले आहे. कुंपणापलीकडे एक वृद्ध गृहस्थ एकटेच राहतात. घरातील कर्ता रुग्णालयातून थकून येतो. गवताचा विषय निघाला की तो तीन उत्तरे देतो. ही उत्तरे आपल्या सर्वांच्याच मनात कधी ना कधी येतात. म्हणून ती नीट तपासून पाहणे आवश्यक आहे.

'मी तर मुसाफिर आहे'

पहिले उत्तर असे की आपण येथे मुसाफिर आहोत, आज आहोत, उद्या नसू. या उत्तराला धर्माचा आधारही दाखवला जातो. जगात परक्यासारखे किंवा वाटसरूसारखे राहावे, अशी शिकवण आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. परंतु ही शिकवण कशापासून सोडवते, हे पाहा. ती मोहापासून सोडवते, जबाबदारीपासून नव्हे. वाटसरू झाडाखाली विसावतो तेव्हा त्या सावलीवर मालकी सांगत नाही. पण निघताना चूल न विझवता गेला आणि रान पेटले, तर 'मी वाटसरू होतो' हा बचाव कोणत्या न्यायालयात टिकेल? अल्लाहच्या न्यायालयात तर मुळीच टिकणार नाही.

उलट मुसाफिराचे ओझे थोडे अधिकच आहे. मालकाच्या हाती असते ती मालमत्ता. मुसाफिराच्या हाती असते ती अमानत. आपली वस्तू हलगर्जीने गमावणारा स्वतःचे नुकसान करतो. अमानत गमावणारा दुसऱ्याचा गुन्हेगार ठरतो. कायद्याने गवत कापण्याची नोटीस घरमालकाला येईल, हे खरे. पण नोटीस कोणाच्या नावे निघते हा कायद्याचा प्रश्न आहे. गवत रोज कोणाच्या डोळ्यांसमोर वाळते आहे, हा अंतःकरणाचा प्रश्न आहे. घरमालक दूर शहरात असतो. पाहणारे डोळे भाडेकरूचे आहेत आणि पाहिलेल्याचा जाब पाहणाऱ्याला द्यावा लागतो. निदान मालकाला कळवणे, पाठपुरावा करणे आणि तोवर भिंतीलगतचा पाचोळा हटवणे एवढे तर त्याच्या हाती आहेच.

'राखणारा अल्लाह आहे'

दुसरे उत्तर अधिक धार्मिक भासते, म्हणून अधिक फसवे आहे. हजरत इब्राहीम (अलै.) यांच्यासाठी ज्याने आग शीतल केली तो आम्हालाही राखील, असे म्हटले जाते. राखणारा तोच आहे यात श्रद्धावंताला शंका नाही. परंतु हजरत इब्राहीम (अलै.) यांना आगीत शत्रूंनी टाकले होते. ते स्वतः गवत वाढवून तिची वाट पाहत बसले नव्हते. चमत्कार ही अल्लाहची देणगी आहे. तो नियम समजून घरी बेफिकीर बसणे म्हणजे ईशभरोसा नव्हे, ती अल्लाहची परीक्षा पाहण्याची धिटाई होय.

मदीनेतील एक प्रसंग हदीसच्या ग्रंथांत नोंदवलेला आहे. एका रात्री एक घर आतील माणसांसह जळाले. पैगंबरांना (स.) हे कळले तेव्हा त्यांनी आग ही माणसाची शत्रू असल्याचे सांगून झोपण्यापूर्वी ती विझवण्याची ताकीद दिली. पैगंबरांहून (स.) अधिक ईशभरोसा कोणाचा असेल? तरीही त्यांनी लोकांना केवळ दुआ करायला सांगून सोडून दिले नाही. हाताने करायची गोष्ट हातानेच करायला सांगितली. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरोसा ठेवावा, या त्यांच्या शिकवणीचा अर्थही तोच. आग लागल्यावर विहीर खणणाऱ्याला आपली मराठी भाषा शहाणा म्हणत नाही. मग त्याच्या त्या खणण्याला आपण तवक्कुल कसे म्हणावे?

'हे लोक आपले कोण?'

तिसरे उत्तर सहसा मोठ्याने बोलले जात नाही. हे लोक ना आपल्या धर्माचे, ना आपल्या भाषेचे. यांच्यासाठी आपण घाम का गाळावा? येथे शेजाऱ्याच्या हक्काविषयीची इस्लामची शिकवण आठवावी. हजरत जिब्रील (अलै.) शेजाऱ्याच्या हक्कांची इतकी ताकीद देत राहिले की त्याला वारसाहक्कही मिळेल की काय, असे पैगंबरांना (स.) वाटू लागले. या शिकवणीत शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही. वणवाही तो विचारत नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते.

एक जहाज आणि त्यातील वरच्या व खालच्या मजल्यावरचे प्रवासी, हा पैगंबरांनी (स.) दिलेला दृष्टान्त आपण ऐकला असेल. खालचे लोक पाण्यासाठी आपल्याच भागात भोक पाडू पाहतात. वरच्यांनी त्यांना रोखले नाही तर सगळेच बुडतील. वणव्याच्या प्रदेशातील गाव हे असेच एक जहाज आहे. माझ्या अंगणातील गवत हे जहाजाला पडलेले भोक आहे. ते 'माझ्या भागात' आहे, एवढ्याने ते माझे खासगी प्रकरण होत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. तेथील ग्रामीण भागात वणवा विझवणारे बहुतेक लोक पगारी नोकर नसतात. ते शेतकरी, शिक्षक, दुकानदार असतात. एकट्या न्यू साउथ वेल्स राज्यातील ग्रामीण अग्निशमन सेवेत 70,000 च्या आसपास स्वयंसेवक आहेत. हे लोक स्वतःची शेते सोडून परक्याच्या घरापुढे उभे राहतात. आपल्या फिकहमध्ये 'फर्जे किफाया' ही संकल्पना आहे. काही लोकांनी ते कर्तव्य पार पाडले तर इतरांची सुटका होते, कोणीच पार पाडले नाही तर सगळे गुन्हेगार ठरतात. बुडणाऱ्याला किंवा आगीत सापडलेल्याला वाचवणे हे असेच कर्तव्य आहे. इतके की त्यासाठी चालू नमाज तोडणे आवश्यक असल्याचे फिकहच्या विद्वानांनी सांगितले आहे. विचार करा. जे काम नमाज थांबवून करायचे, ते काम शेजारी आपल्या वतीनेही करीत असतील आणि आपल्याला त्याची जाणीवही नसेल, तर आपण कोणाच्या उपकारावर निश्चिंत झोपतो आहोत?

प्रत्येकाने अग्निशामक व्हावे असे नाही. लहान मुलांच्या आईला, दम्याच्या रुग्णाला, अहोरात्र रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला ते शक्य होणार नाही. पण कर्तव्याचे अनेक दरवाजे आहेत. जानेवारी 2020 मध्ये मेलबर्नचे काही मुस्लिम ट्रक भरून अन्नसामग्री घेऊन पूर्व गिप्सलँडच्या वणवाग्रस्त भागात गेले आणि त्यांनी थकलेल्या अग्निशामकांना न्याहारी करून वाढली. शीख बांधवांनीही तेथे दिवसेंदिवस लंगर चालवला. त्या न्याहारीत एक कबुली होती: तुमच्या आगीत आम्हीही वाटेकरी आहोत.

निघून जाणे

आता सर्वांत अवघड प्रश्न. त्या देशात वणव्याच्या धोक्याच्या चार पातळ्या जाहीर केल्या जातात. त्यांतील सर्वोच्च पातळीच्या दिवशी एकच सल्ला असतो. आग दिसण्याची वाट पाहू नका, आदल्या रात्री किंवा भल्या सकाळी सुरक्षित ठिकाणी निघून जा. समजा, घरात देशातून आलेली वृद्ध आई आहे. ती म्हणते, "बाळा, मौत लिहिलेली असेल तर ती कोठेही गाठेल. घर सोडून पळणे ही इमानाची कमजोरी आहे." मुलगा गप्प राहतो, कारण आईचे बोलणे त्याला अर्धे पटलेलेही असते.

अशा मुलाने हजरत उमर (रजि.) यांची कथा आईला आदराने सांगावी. सुमारे 639 साली ते शामकडे निघाले असता तेथे प्लेग पसरल्याची वार्ता त्यांना सरग या ठिकाणी मिळाली. त्यांनी परत फिरण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की हे अल्लाहच्या तकदीरीपासून पळणे नव्हे काय? हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा की आपण अल्लाहच्या एका तकदीरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत. मेंढपाळासमोर एक हिरवी आणि एक उजाड कड असेल, तर तो हिरवीकडे वळला काय किंवा उजाडीकडे वळला काय, दोन्ही तकदीरच. पण शहाणपण हिरवीकडे वळण्यात आहे.

म्हणून वेळेवर निघणे हा भेकडपणा नाही. प्राण ही देखील अमानत आहे. घर, फर्निचर, प्रमाणपत्रे मागे राहतील. मुसाफिराची शिकवण खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ती येथे. गवत कापताना 'मी मुसाफिर' म्हणून हात झटकायचे आणि निघायच्या दिवशी मात्र सामानासाठी जीव अडकवायचा, हे उलटे झाले. राहायचे ते मालकाहून अधिक काळजीने आणि सोडायचे ते मुसाफिराच्या सहजतेने.

मात्र गाडी सुरू करण्यापूर्वी एक काम उरते. कुंपणापलीकडचे दार ठोठवायचे. ते वृद्ध गृहस्थ कदाचित म्हणतील, मी कुठे जात नाही. पुन्हा विनंती करायची. गाडीत एक जागा रिकामी ठेवायची. त्यांनी नकार दिलाच तर गावातील जबाबदार माणसांना कळवायचे. हे सारे सकाळी करायचे, कारण दुपारी धुराने रस्ता भरल्यावर त्या दारापर्यंत जाणे आपल्या मुलांच्या जिवावर बेतेल. लवकर निघणाऱ्यालाच शेजाऱ्यासाठी वेळ असतो.

हे वाचून कोणी म्हणेल, ऑस्ट्रेलिया दूर आहे. मग जरा आपल्या कोकणाकडे या. फेब्रुवारीपासून रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या सड्यांवर वणवे लागतात आणि वर्षानुवर्षे जोपासलेल्या आंबा-काजूच्या बागा एका दुपारी होरपळतात. आपल्या मोहल्ल्यांतील कित्येक घरे कुलूपबंद आहेत. धनी आखातात किंवा मुंबईत आहेत आणि अंगणात माणसाएवढे गवत वाळते आहे. तिकडे आपण मुसाफिर म्हणून बेफिकीर, इकडे आपण दूर आहोत म्हणून बेफिकीर. मग आपण जबाबदार नेमके कोठे आहोत? दिवाळीनंतर एका मजुराला दोन दिवसांची मजुरी पाठवून ते गवत कापून घेणे ही शेजाऱ्याच्या बागेची राखण आहे आणि अल्लाहने मान्य केले तर सदकाही आहे.

कयामतच्या दिवशी आपल्याला विचारले जाईल ते आपण कोठे राहत होतो हे नव्हे, तर जेथे राहत होतो तेथे आपल्यामुळे शेजारी सुरक्षित होता की असुरक्षित, हे. अल्लाह आपल्याला प्रत्येक भूमीवर अमानतदार बनवो, आपल्या हातून कोणाच्या घराला आच न लागो आणि या जगातील व परलोकातील आगीपासून आपणा सर्वांचे रक्षण करो. आमीन.