नित्यसंकल्पातील शब्दविवेक

पहाटे उठून मनुष्याने स्वतःशी कोणते शब्द बोलावेत, हा प्रश्न वरवर पाहता लहान वाटतो. परंतु दुसऱ्याशी बोललेला शब्द ऐकणारा पारखून घेतो. स्वतःशी बोललेल्या शब्दाला पारखणारा कोणीच नसतो. म्हणून येथे विवेकाची गरज अधिक आहे.

हल्ली असे सांगितले जाते की, नित्य म्हणावयाचे वाक्य होकारार्थीच असावे, त्यात नकार येऊ नये, आणि जे हवे ते प्राप्त झालेच आहे असे वर्तमानकाळात म्हणावे. ‘मी समर्थ आहे, मी यशस्वी आहे, मी सुखी आहे.’ या पद्धतीचा एक प्रसिद्ध प्रवर्तक म्हणजे फ्रान्समधील औषधविक्रेता एमिल कुए (१८५७–१९२६). आपण दिवसेंदिवस सर्व प्रकारे बरे होत आहोत, अशा आशयाचे वाक्य तो रोग्यांना सकाळ-संध्याकाळ वीस वेळा म्हणावयास सांगे. गणना चुकू नये म्हणून वीस गाठींची दोरी वापरावयास सांगे. त्याच्या वाक्यात ‘होत आहे’ असे होते, ‘झालो आहे’ असे नव्हते. हा भेद पुढे पुष्कळांच्या ध्यानातून निसटला.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात या प्रश्नावर मोठा प्रकाश पडतो. तेथे चौदाव्या श्लोकात एक मनुष्य स्वतःविषयी बोलतो: आपणच ईश्वर, आपणच भोक्ता, आपण सिद्ध, बलवान आणि सुखी. यात एकही नकार नाही. सारे वर्तमानकाळी व होकारार्थी आहे. आणि तरीही श्रीकृष्ण भगवंतांनी ही वाणी आसुरी संपत्तीची म्हणून दाखविली आहे. याउलट त्याच अध्यायाच्या आरंभी दैवी संपत्तीचे गुण सांगताना पहिलाच शब्द ‘अभय’ हा आहे. पुढे अहिंसा, अक्रोध, अद्रोह हे शब्द येतात. रूपाने हे सारे नकारार्थी. परंतु अहिंसा म्हणजे केवळ हात आवरणे नव्हे, ती एक जागती वृत्ती आहे. तेव्हा शब्द होकारार्थी की नकारार्थी, हे व्याकरणाच्या रूपावरून ठरत नाही. तो मनुष्यास कोठे नेतो, यावरून ठरते.

मग दोष कोठे आहे? दोष असत्यात आहे. जीव आणि परमेश्वर हे नित्य भिन्न आहेत, जीव अविद्येने बद्ध आहे, हा सिद्धान्त ज्याने स्वीकारला, त्याला ‘मी पूर्ण आहे’ असे म्हणता येत नाही. व्यवहारातही याचा पडताळा येतो. जोन वुड व त्यांचे सहकारी यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आपण प्रेमास पात्र आहोत असे वाक्य काही जणांकडून वारंवार म्हणवून घेतले गेले. ज्यांचा स्वतःविषयीचा आदर मुळातच कमी होता, त्यांना ते म्हटल्यावर, न म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक वाईट वाटले. ज्याला आधाराची गरज सर्वांत जास्त, त्यालाच हा आधार टोचला. कारण ओठ जे म्हणत होते, त्यास मन साक्ष देत नव्हते.

येथे कोणी म्हणेल की, मग ‘मी पापी, मी नालायक’ असेच घोकावे काय? तेही असत्यच होय. जीव बद्ध असला तरी मोक्षाचा अधिकारी आहे. मनुष्याने स्वतःचा उद्धार करावा, स्वतःला खचू देऊ नये, अशी सहाव्या अध्यायात आज्ञा आहे. हीनतेचा जप हा नम्रपणा नव्हे. पुष्कळदा ती कर्तव्य टाळण्याची पळवाट असते.

या दोहोंमधील वाट अर्जुनाने दाखविली आहे. दुसऱ्या अध्यायात ‘लढणार नाही’ म्हणून तो गप्प बसला. अठराव्या अध्यायात त्याचे शेवटचे बोलणे ‘करीन’ या अर्थाच्या शब्दाने संपते. आपण शूर आहोत, विजयी आहोत, असे तो म्हणत नाही. मोह गेला हे तो सांगतो, पण ते भगवंतांच्या प्रसादाने घडले असे म्हणतो. आणि स्वतःकडे ठेवतो ती केवळ आज्ञापालनाची कृती.

एखादा गृहस्थ अंथरुणास खिळलेल्या वृद्ध पित्याची सेवा करीत आहे आणि रोज त्यांच्यावर चिडत आहे, असे समजू. त्याने पहाटे ‘मी शांत आहे’ म्हटले, तर दुपारपर्यंत ते खोटे ठरेल आणि चिडण्याच्या दुःखात खोटेपणाचे दुःख मिळेल. ‘मी चिडणार नाही’ म्हटले, तर चिडणेच डोळ्यांपुढे राहील. परंतु ‘वडिलांनी तीच गोष्ट चौथ्यांदा विचारली, तरी पहिल्यासारखेच उत्तर देईन, देवा, तेवढे बळ द्यावे’ असे म्हटले, तर त्यात खोटे काहीच नाही. सायंकाळी ते वाक्य पाळले की मोडले, हे त्याला तपासता येते. मोडले असेल तर दुसऱ्या पहाटे तेच वाक्य पुन्हा तितक्याच सचोटीने म्हणता येते.

म्हणून नित्यसंकल्पाचा शब्द निवडताना साधकाने तीन गोष्टी पाहाव्यात: तो सत्य असावा, तो आपल्या हातातील कृतीचा असावा, आणि फळाचे श्रेय त्यात आपल्याकडे घेतलेले नसावे. असा शब्द थोडका असला तरी दिवसभर पुरतो.