हन्नाचा लहान झगा

वाचावयाचा शास्त्रभाग : १ शमुवेल २:१२-२६ व ३:१-१८



जून महिना लागला की आमच्या खेडोपाडीच्या मंडळ्यांतून एक देखावा दर वर्षी दृष्टीस पडतो. फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत पत्र्याची एक पेटी ठेवलेली असते. तिच्यावर रंगाने मुलाचे नाव घातलेले असते. आत दोन सदरे, एक पंचा, साबणाची वडी, फडक्यात बांधलेली शेंगदाण्याची चटणी, आणि तळाशी नवा करार. पेटीशेजारी मूल उभे असते व मुलाशेजारी आई. गाडी येते, पेटी वर चढते, धूळ खाली बसते, आणि आई घराकडे वळताना मनात म्हणते, आता वर्षभर ह्याच्या पोटाची व शिक्षणाची काळजी मिटली. ती आई निष्ठुर आहे असे आम्ही म्हणत नाही. दोन वेळच्या भाकरीची भ्रांत असलेल्या घरातून निघालेला हा सुटकेचा निःश्वास आम्ही पुष्कळदा ऐकला आहे, आणि त्यास दोष देण्याचे धाडस आम्हांस होत नाही. परंतु काळजी मिटली, ह्या दोन शब्दांविषयी मात्र आज तुमच्याशी बोलावयाचे आहे.

शमुवेल हा पवित्र शास्त्रातील बोर्डिंगचा मुलगा होय. दूध तुटताच त्याच्या आईने त्यास शिलो येथील परमेश्वराच्या मंदिरात आणून एली याजकाच्या हाती दिले. नवस तिने स्वतः केला होता, तो तिने फेडला. पुढे ती रामा गावी परत गेली, आणि देवाने तिला आणखी तीन पुत्र व दोन कन्या दिल्या. पाच लेकरांच्या घरात चूल, दळण, पाणी, आजारपण ह्यांतून बाईमाणसास किती सवड मिळते हे आमच्या भगिनींस सांगावयास नको. तरीही वार्षिक यज्ञासाठी नवऱ्याबरोबर शिलोला जाताना ती दर वर्षी एक लहानसा झगा करून नेत असे, एवढे शास्त्र आम्हांस सांगते.

आता एक प्रश्न मनात येतो. त्या झग्याचे माप तिने कोठून घेतले? मूल तिच्याजवळ नव्हते. गेल्या वर्षीच्या मापाने शिवावे तर ह्या वर्षी तो अंगात जावयाचा नाही. शास्त्र ह्याविषयी काही सांगत नाही. परंतु आम्हांस वाटते की शिलोहून कोणी वाटसरू आला म्हणजे ती त्यास विचारीत असली पाहिजे : माझा शमुवेल तुमच्या कमरेला लागतो की छातीला? घरच्या लेकरांस उभे करून, एवढ्या वयाचे मूल वर्षात किती वाढते ह्याचा अदमास ती घेत असली पाहिजे. वर्षभर ते मूल तिच्या मनात वाढत होते, म्हणूनच तो झगा बेताचा झाला.

आमच्या पाहण्यात आलेली एक गोष्ट येथे सांगतो. एका बोर्डिंगात भेटीच्या दिवशी एक आई दोन वर्षांनी मुलास भेटावयास आली. ऊसतोडीमुळे तिला मध्यंतरी येता आले नव्हते. जत्रेत घेतलेला एक निळा सदरा तिने मोठ्या प्रेमाने त्याच्यापुढे धरला. सदरा चांगला दोन बोटे, नव्हे चार बोटे आखूड होता; गुंड्या लागेनात. मुलाने तो काढला नाही. दिवसभर छाती उघडी टाकून तो तसाच हिंडला, आणि आई गेल्यावर घडी करून उशाखाली ठेवला. रात्री मावशीने दिवा मालवण्यापूर्वी पाहिले तो त्याचा हात उशाखाली होता. त्या आईचे प्रेम कमी होते काय? मुळीच नाही. तिच्यापाशी माप नव्हते, कारण माप तिला कळविणारे कोणी नव्हते. त्या गावी आमची मंडळी होती, पाळक होते, उपदेशक होते, आणि त्या दोन वर्षांत त्यांपैकी एकानेही त्या मुलाची चौकशी केली नव्हती. हे लिहिताना आम्हांस लाज वाटते, कारण त्या रस्त्याने आम्हीही अनेकदा गेलो होतो.

ही झाली गावची बाजू. दुसरी बाजू जे मुलांस सांभाळतात त्यांची आहे. हे पत्र वाचणाऱ्यांत पुष्कळ शिक्षक, मावश्या व अधीक्षक आहेत, म्हणून त्यांच्याशीही स्पष्ट बोलू. पंचवीस मुलांस एकाच मापाचे पंचवीस सदरे वाटणे सोपे असते. हिशेबासही बरे पडते. परंतु सदऱ्याप्रमाणेच धडाही एका मापाचा झाला, शिक्षाही एका मापाची झाली, म्हणजे मूल नावाने न राहता आकड्याने राहू लागते.

पंडिता रमाबाईंचे नाव आमच्या मंडळ्यांत घरोघर आहे, परंतु त्यांचे स्वतःचे शिक्षण कसे झाले हे पुष्कळांस ठाऊक नसते. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या लक्ष्मीबाईंनी आपल्या लेकीस पहाटे उठवून, जवळ घेऊन, तोंडपाठ श्लोक शिकविले. एक आई, एक लेकरू, आणि पाखरांच्या किलबिलाटाची वेळ : तो झगा त्या एका अंगाच्या मापाचा होता. पुढे १८७० नंतरच्या दुष्काळी वर्षांत आईबाप व वडील बहीण अन्नावाचून गेली, आणि रमाबाई व त्यांचे बंधू अनवाणी, उपाशी देशभर फिरली. आईने घातलेले शिक्षण तेवढे अंगावर राहिले. त्याच शिक्षणावर १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस पंडिता म्हटले.

ह्या बाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले. त्यापूर्वी अमेरिकेत असताना लहान मुलांस खेळातून व हाताच्या कामातून शिकविण्याची बालोद्यानाची पद्धत त्या मन लावून शिकल्या होत्या. सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई होय. १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला व त्या आनंदीबाई झाल्या. आणि १८९६ साली कर्व्यांनी पुण्यास अनाथ बालिकाश्रम स्थापिला. गोदूबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत, हे आम्ही मुद्दाम लिहितो. भुकेल्या मुलास शिकविणे हे काही बाजारातील सौद्याप्रमाणे नव्हे, की इतके दिले तर तितके परत यावे.

पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातील उपाशी मुलींच्या वार्ता ऐकताच रमाबाईंस आपले वीस वर्षांपूर्वीचे दिवस आठवले, आणि त्या स्वतः तिकडे जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ होती, म्हणून केडगावच्या माळावर त्यांची सोय केली. तेच मुक्तिसदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे दीड हजारावर गेली. ह्या मुली शाळेच्या पाटीस लायक होऊन आल्या नव्हत्या. हाडांचे सापळे, अंगावर फोड, हातात पडेल ते अन्न लपविण्याची सवय, आणि माणसाविषयी अविश्वास. अशा मुलीस पहिला धडा मुळाक्षराचा देता येत नाही. उद्याही भाकर मिळेल, हा विश्वास हाच तिचा पहिला धडा. तो शिकावयास कित्येकींना महिने लागत असतील.

दीड हजार जणींस एकेकटीने ओळखणे एका बाईस शक्य नव्हते. येथे शारदासदनात शिकून तयार झालेल्या मुली पुढे आल्या व त्यांनी नव्यांचे ओझे उचलले. सर्वांस एकच काम दिले नाही : कोणी मागावर बसली, कोणी शेतात, कोणी गोठ्यात, कोणी शिवणावर, तर आंधळ्या मुलींस बोटांनी वाचावयाची उठावाची लिपी शिकविली. रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, ते मुक्तीच्याच छापखान्यात तेथील बायकांनी जुळविले व छापले. ज्या हातांत एके काळी भाकरीचा तुकडा धरण्याचे बळ नव्हते त्याच हातांनी त्या ग्रंथाचे खिळे जुळविले. रमाबाई १९२२ साली प्रभूकडे गेल्या, परंतु केडगावचे ते सदन आजही चालू आहे.

आता शिलोकडे परत येऊ, कारण ह्या शास्त्रभागात एक कडू गोष्ट आहे आणि उपदेशात बहुधा ती गाळली जाते. शमुवेल ज्या घरी वाढला ते घर निर्मळ नव्हते. एलीचे पुत्र हफनी व फिनहास यज्ञाचे मांस बळाने घेत आणि मंदिराच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी कुकर्म करीत. एलीस हे ठाऊक होते. त्याने पुत्रांस बोल लावले, परंतु त्यांस आवरले नाही. आणि देवाने त्याच्या घराण्यावर ठेवलेला दोष नेमका हाच होता. तेव्हा धर्माची पाटी दारावर आहे एवढ्याने आपले मूल तेथे सुखरूप आहे असे कोणी समजू नये. आपल्या देशाचा २०१२ सालचा पोक्सो कायदा ह्या बाबतीत एलीपेक्षा कडक आहे : मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ठाऊक असून जो पोलिसांस कळवीत नाही तोही अपराधी ठरतो, मग तो पाळक असो वा अधीक्षक. संस्थेचे नाव खराब होईल म्हणून गप्प बसणे हे एलीचेच पाप होय. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक मुलांस तोंडपाठ करून द्यावा. प्रत्येक आईबापांनी भेटीस गेल्यावर मुलास एकीकडे घेऊन बसावे, आणि ते एखाद्या माणसाचे नाव टाळू लागले तर ते नाव ध्यानात ठेवावे.

तथापि ह्याच एलीने एक काम उत्तम केले. रात्री मुलास हाक ऐकू आली व ते तीन वेळा त्याच्याकडे धावत आले. म्हाताऱ्याची झोप मोडली, तरी तो खेकसला नाही. हाक कोणाची हे उमगल्यावर मुलाच्या वतीने उत्तर द्यावयासही तो उठला नाही. काय म्हणावयाचे ते त्याने मुलास सांगितले व त्यास त्याच्या जागी परत पाठविले, आणि सकाळी जे ऐकावे लागले ते स्वतःच्या विरुद्ध असूनही मुलाच्या तोंडून ऐकून घेतले. बोर्डिंगातील शिक्षकाने ह्या म्हाताऱ्याचा हा एवढा धडा गिरवावा. पुष्कळ मुले आपल्या शिक्षकांस हवे तेच उत्तर द्यावयास शिकतात, आणि आम्ही त्यास चांगले वळण म्हणतो.

ऊसतोडीस जाणाऱ्या आमच्या बांधवांविषयी थोडे. दिवाळीच्या सुमारास कोयता गाव सोडतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. मूल बरोबर नेले तर ते फडात वाढे गोळा करते व शाळेच्या हजेरीतून त्याचे नाव पुसट होते. मागे ठेवावे तर आजी थकलेली. अशा मुलांसाठी सरकारने हंगामी वसतिगृहे काढली आहेत; जेथे ती नीट चालतात तेथे त्यांचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु आम्ही मंडळीस विचारतो : ज्या गावात आपली वीस घरे आहेत तेथे सहा महिन्यांसाठी एक ताट वाढविणारी दोन घरे निघू नयेत काय? २०१५ चा बाल न्याय कायदाही म्हणतो की संस्था हा शेवटचा उपाय, आधी कुटुंब. जेथे खरोखर दुसरा उपाय नाही तेथे मूल संस्थेत द्यावे, पण ते नोंदलेल्या संस्थेत, आणि अनाथ असेल तर बालकल्याण समितीच्या हुकुमाने. कोणी ओळखीचा मनुष्य चांगल्या शाळेचे आमिष दाखवून मूल परप्रांती नेऊ म्हणेल तर त्याच्या हाती मूल देऊ नये.

आणि मुली? सुटीस आलेली मुलगी परत पाठवावयाची वेळ आली म्हणजे घरात कुजबुज सुरू होते : स्थळ चांगले आहे, दहावी कशाला? अठरा वर्षांच्या आत लग्न करणे हा गुन्हा आहे, हे तर आहेच. परंतु त्याहून जवळची गोष्ट अशी की हन्नाने शमुवेलास शिलोहून मध्येच ओढून आणले नाही. दर वर्षी झगा घेऊन ती गेली, आणि मुलास तेथेच ठेवून परत आली. प्रत्येक वेळी परत येताना तिला काय वाटत असेल!

उपदेशक बंधूंस आमची एक विनंती आहे. ह्या जूनमध्ये मुले बाहेरगावी निघण्यापूर्वीच्या रविवारी त्यांस उपासनेत पुढे बोलवावे व नावे घेऊन प्रार्थना करावी. मग प्रत्येकास मंदिराच्या दाराच्या चौकटीशी उभे करून कोळशाने त्याच्या उंचीची रेघ ओढावी व शेजारी नाव लिहावे. शिक्षकाचे नाव, इयत्ता व दूरध्वनी क्रमांक एका वहीत टिपावा. महिन्यातून एकदा मंडळीतील कोणा एकाने त्या मुलाशी बोलावे, आणि काय खाल्ले एवढेच न विचारता, भीती कशाची वाटते हेही विचारावे. ज्याचे आईबाप फडात आहेत त्याच्या भेटीस जावयाचे भाडे पेटीतून द्यावे. दिवाळीस मूल आले की त्यास पुन्हा त्याच चौकटीशी उभे करावे व नवी रेघ ओढावी. ज्या रेघेपुढे दिवाळीस कोणी उभे राहिले नाही, त्या मुलाच्या शोधास पाळकांनी दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीने निघावे.