दहा खोल्यांचा हिशेब

शिरूर तालुक्यात कारेगाव, ढोकसांगवी, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात शेतकऱ्याला जोडधंदा विचारला, तर दुधाच्या आधी खोल्यांचे नाव निघते. किती एकर बागायत, याच्या जोडीने किती खोल्या काढल्या, हेही आता सोयरिकीच्या बोलण्यात येते.

रांजणगावच्या एमआयडीसीत एलजी, व्हर्लपूल, हायर, फियाट यांचे कारखाने आले. यंत्रांसाठी भूखंड, रस्ते, पाणी, वीज सगळे आखून झाले. ती यंत्रे चालवणारा बीड-लातूरचा, यवतमाळचा, बिहारचा पोरगा पाळी सुटल्यावर कुठे पाठ टेकणार, याचा विचार मात्र गावावर सोडला गेला. गावाने तो आपल्या परीने केला. विहिरीशेजारच्या पडीक तुकड्यावर विटांच्या भिंती, वर पत्रे, ओळीने दहा दारे आणि टोकाला दोन संडास. कामगारांच्या घरांचा खरा पुरवठादार हा खोल्या बांधणारा शेतकरीच आहे. सरकारने आणि बँकांनी त्याला अजून त्या नजरेने पाहिलेले नाही.

या धंद्यात पैसा किती, ते आकडे धरून पाहू. समजा दहा खोल्यांच्या बांधकामाला 25 लाख लागले आणि खोलीला महिना साडेतीन हजार भाडे आहे. वर्षाचे 4 लाख 20 हजार होतात. प्रत्येक खोली वर्षातून दोन महिने रिकामी धरा, म्हणजे साडेतीन लाख उरले. घरपट्टी, उन्हाळ्यातले टँकर, शोषखड्ड्याचा उपसा, रंगरंगोटी यांना पन्नास हजार काढले की हातात तीन लाख, म्हणजे 12 टक्के. आता पुण्याहून आलेल्या गुंतवणूकदाराने हीच जागा 15 लाखांना विकत घेतली असे धरा. भांडवल 40 लाख झाले आणि परतावा साडेसात टक्क्यांवर उतरला. मुदत ठेवीच्या जवळपास, वर भाडे गोळा करायची दगदग वेगळी. खोल्या परवडतात त्या घरची जमीन असणाऱ्याला. ‘गुंठ्यात पैसे टाका, भाड्यावर हप्ता फिटेल’ असे सांगणारे एजंट हा भाग गाळून बोलतात.

ते आणखी एक गोष्ट सांगत नाहीत. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासूनचा आहे. त्यामुळे गुंठा-दोन गुंठ्यांचे व्यवहार वर्षानुवर्षे सामाईक सातबाऱ्यावर नावे चढवून झाले. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घराची नोंद होते, घरपट्टीही भरली जाते. पण बिगरशेती परवाना आणि मंजूर नकाशा नसेल, तर बँक दारात उभे करत नाही. मग सोने गहाण पडते, पतसंस्थेचे महाग कर्ज निघते आणि ते फेडण्यासाठी पहिली काटछाट खिडकीत आणि संडासात होते. एप्रिल-मेच्या दुपारी रात्रपाळी करून आलेला माणूस त्या बिनखिडकीच्या पत्र्याखाली झोपायचा प्रयत्न करत असतो.

विजेचे गणित तर डोळ्यांसमोर भिंतीवर टांगलेले असते. महावितरणचा एक मीटर आणि त्याखाली दहा सबमीटर. घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातो. खोलीला महिन्याला 60 युनिटे लागतात असे धरले, तर स्वतंत्र मीटरवर ती सगळी पहिल्या, स्वस्त टप्प्यात बसतात. एकाच मीटरवर ती 600 होतात आणि त्यातली 500 चढ्या दराने आकारली जातात. म्हणजे सगळ्यात कमी वीज जाळणारा माणूस बंगलेवाल्याच्या दराने पैसे भरतो, आणि मालकालाही त्यातून नेहमी काही सुटते असे नाही. स्वतंत्र मीटरचा स्थिर आकार भरूनही दोघांचे मिळून पैसे वाचतील.

कागदाचेही तसेच. अकरा महिन्यांचा करार आता ऑनलाइन नोंदवता येतो, तरी बहुतेक खोल्या तोंडी बोलीवर आणि रोख डिपॉझिटवर चालतात. करार नसला की पत्ता नाही. पत्ता नसला की गॅसजोडणी, बँकखाते, मुलांची शाळा, सगळीकडे अडते. असा माणूस बायकापोरांना गावीच ठेवतो, एका खोलीत पाच जण राहतात आणि पन्नास रुपये कमी दिसले की पुढच्या गल्लीत जातात. कुटुंब आणलेला भाडेकरू सहसा हलत नाही. वर हिशेबात धरलेले दोन रिकामे महिने भरून काढायचे, तर कुटुंबाला राहावेसे वाटेल अशी खोली बांधणे हाच मार्ग आहे.

2020 च्या टाळेबंदीत या धंद्याचा कच्चा पाया उघडा पडला. राज्य सरकारने एप्रिलमध्ये घरमालकांना किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलायला सांगितले. पण माणसेच गावी निघून गेली, तिथे कोणाकडे वसुली करणार? सगळे भाडेकरू त्याच चार गेटांतून आत जाणारे असले, की एका कंपनीने कंत्राटी माणसे कमी केली तरी अख्खी ओळ कुलूपबंद होते. दौंड या बाबतीत जास्त भरवशाचे वाटते. 1878 मध्ये मनमाडचा फाटा निघाला तेव्हापासून ते जंक्शन आहे. रेल्वे, राज्य राखीव पोलीस दल, कुरकुंभचे रासायनिक कारखाने, रोज गाडीने पुण्याला जाणारे नोकरदार, असे भाडेकरूंचे चार झरे तिथे आहेत. भाडे भराभर वाढत नाही, पण सगळे झरे एकदम आटतही नाहीत.

खोल्यांच्या या दुरवस्थेवर उपाय म्हणून भाडेनियंत्रण आणा, असे काही कार्यकर्ते म्हणतात. त्यांची कळकळ मला मान्य आहे, उपाय मान्य नाही. मुंबईत 1947 च्या कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला बांधली. दुरुस्ती परवडेना म्हणून मालकांनी चाळींकडे पाठ फिरवली आणि पगडीचा काळा बाजार उभा राहिला. शिरूरला तसले काही नको. इथे हवे आहे ते सरळ कर्ज आणि त्या कर्जाला चिकटलेल्या अटी. घरभाड्यावर प्राप्तिकर कायदा सरसकट 30 टक्के वजावट देतो. तेवढे पैसे दरवर्षी खरोखर खोलीवर खर्च व्हावेत, हे मालकाला सांगण्याचा हक्क कर्ज देणाऱ्याला असतो. पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक इथल्या शेतकऱ्याची पत पिढ्यान्‌पिढ्या ओळखते. उसासाठी पीककर्ज देणाऱ्या या बँकेने खोल्यांनाही मोकळ्या हाताने कर्ज द्यावे. मात्र पहिला हप्ता सोडण्याआधी तिच्या अधिकाऱ्याने जागेवर जाऊन खिडक्या, मीटर आणि संडास मोजावेत.