कर्मफळाची फिर्याद

संगणकाच्या पडद्यावर एक संपूर्ण भूप्रदेश उभा करावा, त्यात पर्वत, नद्या, नगरे, भग्न देवालये आणि नाना धंद्यांचे रहिवासी यांची मांडणी करावी, आणि खेळणाऱ्याच्या हाती एक तलवार व एक घोडा देऊन, तुझी वाट तूच निवड असे सांगून निर्मात्याने बाजूला व्हावे, असा जो अद्भुतरम्य खेळांचा प्रकार गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभर रूढ झाला आहे, त्याच्याविषयी खेळणारी मंडळी आपसांत काय बोलतात हे कान देऊन ऐकले, तर धर्मविचाराच्या अभ्यासकाला बरीच अनपेक्षित सामग्री हाती लागते. 'ओपन वर्ल्ड' हे या प्रकाराचे प्रचलित नाव. 2011 च्या नोव्हेंबरात आलेला 'स्कायरिम', 2015 मधला 'द विचर 3' आणि 2022 मधला 'एल्डन रिंग' ही त्यातली गाजलेली नावे. स्तुतीचा भाग सर्वत्र सारखाच असल्यामुळे तो सोडून द्यावा. दिसेल त्या डोंगरावर चढता येते, वाटेल तितके भटकता येते, हे सगळ्यांनाच आवडते. लक्ष द्यावे ते तक्रारीकडे. स्वातंत्र्य अपुरे पडले अशी फिर्याद घेऊन येणारे थोडेच; मी जे केले त्याची या जगाने दखलच घेतली नाही, असे गाऱ्हाणे घेऊन येणारे पुष्कळ.

'स्कायरिम'चेच उदाहरण घ्या. तेथे एकच इसम योद्ध्यांच्या मंडळाचा म्होरक्या, मांत्रिकांच्या विद्यापीठाचा अधिपती, चोरांच्या टोळीचा नायक आणि मारेकऱ्यांच्या गुप्त संघटनेचा प्रमुख असे सारे अधिकार एकाच वेळी भोगू शकतो. एका पदामुळे दुसऱ्या पदाला बाध येत नाही आणि बाजारातला भाजीवाला पूर्वीसारखाच बोलत राहतो. विश्वाचा ग्रास करावयास निघालेला अल्डुइन नावाचा महानाग आपण महिनोन्‌महिने फुलपाखरे पकडत बसलो तरी मुकाट्याने वाट पाहतो. कथानकाला आवश्यक अशा पात्रांवर शस्त्र चालवले तर ती गुडघ्यावर बसतात आणि थोड्या वेळाने उठून कामाला लागतात. शिवाय या सर्वांवर ताण म्हणजे 'सेव्ह' करण्याची मुभा: पाप करण्यापूर्वीचा क्षण जतन करून ठेवावा, पाप करून पाहावे, आणि आवडले नाही तर त्या क्षणाकडे परत यावे. दफ्तरात नोंद नाही, वसुलीचा तगादा नाही.

आपल्या परंपरेत ज्याला कर्मबंध म्हणतात त्यातून सुटावे म्हणून माणसे शतकानुशतके तप, तीर्थ, संन्यास आणि नामस्मरण करीत आली; कर्म करावे पण त्याचा लेप लागू नये, ही आपल्याकडे सिद्धावस्थेची खूण समजली गेली. ती अवस्था, निदान तिची एक हुबेहूब नक्कल, दोन-चार हजार रुपयांत विकत मिळू लागली, तेव्हा माणूस काय करतो? पहिले काही तास हरखून जातो, आणि नंतर माझ्या कर्माचे फळ मला मिळाले पाहिजे अशी कैफियत घेऊन उभा राहतो. ईश्वराला सृष्टीपासून काहीच मिळवायचे नसते, म्हणून त्याचे कर्तृत्व ही लीला, असे वेदान्ती सांगतात. त्याच आसनावर माणसाला बसवून पाहिले तर त्याला तेथे करमत नाही, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते. तो मुक्तीला कंटाळला असे म्हणणे घाईचे होईल. परंतु ज्या मुक्तीत आपण कोणीच उरत नाही, तिचा नमुना चाखून तो मागे वळला आहे, एवढे खास.

हा विचार दारासुरम् येथे बसून करावा, याला कारण आहे. कुंभकोणमपासून जेमतेम चार किलोमीटरांवर रेशमी वस्त्रे विणणाऱ्यांच्या या गावी ऐरावतेश्वराचे मंदिर आहे. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने ते बांधले, आणि तंजावरच्या बृहदीश्वराला 1987 मध्ये मिळालेला जागतिक वारशाचा दर्जा 2004 मध्ये यालाही लाभला. दुर्वासाच्या शापाने वर्ण गमावलेला ऐरावत येथे पुन्हा शुभ्र झाला आणि दाहाने व्याकुळ झालेला यम येथील तीर्थात स्नान करून शांत झाला, असे स्थलपुराण सांगते. म्हणजे कृत्याचे आणि शापाचे फळ चुकत नाही, खुद्द यमालाही ते भोगावे लागते, ही गोष्ट या जागेच्या पायातच घातलेली आहे. मंदिराचा दर्शनी मंडप चाके आणि घोडे जोडलेल्या रथासारखा आहे, आणि प्रवासी बहुधा त्याचीच छायाचित्रे घेऊन परततात.

मला येथली दोन शिल्पे परस्परांशेजारी ठेवून पाहावीशी वाटतात. पहिले हत्ती आणि बैल यांचे जोडशिल्प: दोन देहांना मिळून मस्तक एकच, त्यामुळे एक धड हाताने झाकले की हत्ती दिसतो, दुसरे झाकले की बैल. वाटाडे ते मोठ्या हौसेने दाखवतात, मुले खिदळतात. येथे निवड आहे, पण ती निरुपद्रवी. हत्ती पाहिला म्हणून बैल नाहीसा होत नाही, हात काढला की दोन्ही पूर्ववत्. शिल्पकाराने गंमत म्हणून केलेली ही गोष्ट, आजच्या खेळांनी तीच स्वातंत्र्याची व्याख्या करून टाकली आहे.

दुसरे शिल्प शोधावे लागते. गर्भगृहाच्या भिंतीच्या तळाशी, सहज वाकल्याशिवाय नजरेत न भरणाऱ्या लहान लहान पट्टांतून, त्रेसष्ट नायनारांच्या, म्हणजे तमिळ शैव संतांच्या, कथा कोरलेल्या आहेत. सेक्किळाराने 'पेरियपुराणा'त त्या सांगितल्या त्याही बाराव्याच शतकात, तेव्हा ते काव्य अद्याप ताजे असताना ते येथे दगडात उतरले असले पाहिजे. यांतील कण्णप्प हा व्याध. कालहस्तीच्या शिवलिंगाच्या डोळ्यातून रक्त वाहताना पाहून त्याने बाणाने स्वतःचा एक डोळा काढून तेथे लावला. रक्त थांबले, आणि लगेच दुसऱ्या डोळ्यातून वाहू लागले. आता आपला उरलेला डोळा काढला की आपण आंधळे होणार आणि जागा सापडणार नाही, म्हणून त्याने खूण राहावी यासाठी आपले पाऊल लिंगाच्या डोळ्यावर टेकवले, आणि बाण उचलला. देवाच्या मस्तकावर चपलेचा पाय! कर्मठांनी कानांवर हात ठेवावेत असे हे दृश्य. पण त्या पावलात पुढच्या क्षणाचा जो थंड हिशेब आहे, परत फिरण्याची वाट नाही हे ओळखून केलेली जी तजवीज आहे, तिच्यामुळे ही कथा भाबडेपणापासून वाचली आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. शंकराने त्याचा हात धरला आणि त्याची दृष्टी त्याला परत मिळाली. मग हाही 'सेव्ह' केलेला डावच झाला की! आक्षेप वरवरचा नाही. उत्तर इतकेच की डोळा परत मिळणार हे कण्णप्पाला ठाऊक नव्हते. शैव सिद्धान्तात शिवाची पाच कृत्ये सांगितली आहेत: सृष्टी, स्थिती, संहार, तिरोभाव आणि अनुग्रह. पहिली तीन कोणालाही समजतात, शेवटचे सर्वांना हवे असते. चौथे मात्र, जे झाकून ठेवण्याचे कृत्य, ते बहुतेकांना अडचणीचे वाटते. परमेश्वर लपवतो कशाला? जीव परिपक्व व्हावा म्हणून, असे आचार्य सांगतात. खेळाच्या बाजूने या प्रश्नाकडे पाहिल्यावर मला त्या उत्तराची धार प्रथम जाणवली. परतीची हमी आधीच खिशात असेल तर परत मिळालेल्या डोळ्याला अनुग्रह म्हणता येत नाही. तो केवळ ठेवीचा परतावा. तिरोभाव काढून घेतला की अनुग्रहही त्याच्याबरोबर जातो.

चांगल्या निर्मात्यांना हे कळलेले दिसते. 'विचर 3'मध्ये वेलेन नावाच्या दलदलीच्या मुलखात एका टेकडीखाली वृक्षात कोंडलेला आत्मा सुटकेची याचना करतो. त्याला सोडले तर चेटकिणींच्या तावडीतली अनाथ मुले वाचतात, परंतु तो एक गाव उद्ध्वस्त करतो, त्या मुलखातल्या जहागीरदाराची पत्नी मरते आणि तो स्वतः गळफास घेतो. मारले तर गाव वाचते, मुले जातात, आणि पत्नी वेडी होऊन का होईना जिवंत राहते. कोणती बाजू धर्म्य हे सांगणे कठीण, आणि मुख्य म्हणजे हे परिणाम तत्काळ दिसत नाहीत. ते बऱ्याच अवधीनंतर, दुसऱ्याच कामात गुंतलेल्या नायकापुढे येतात. तोवर मागे फिरणे जिकिरीचे झालेले असते. खेळणारे या प्रसंगाचे नाव आदराने घेतात. त्याच खेळात हरवलेल्या मानसकन्येला शोधायला निघालेला नायक खाणावळीत बसून हवे तितके दिवस पत्ते कुटू शकतो, ही गोष्ट तेच लोक हसत हसत सांगतात. 'स्कायरिम'च्याच निर्मात्यांचा 2002 मधला 'मोरोविंड' याहून निर्भय होता: तेथे कोणालाही ठार करता येई, आणि कथेला अत्यावश्यक असा माणूस मारला गेला की, भविष्यवाणीचा धागा तुटला आहे, जुना डाव उघडा किंवा या शापित जगात असेच राहा, अशा आशयाची सूचना झळके. पुढच्या खेळांत ती सोय, सोयच म्हणावी लागेल, काढून टाकण्यात आली; ग्राहक दुखावू नये हे व्यापाराचे धोरण समजण्यासारखे आहे, पण जुने खेळाडू त्या सूचनेची आठवण हळहळून काढतात.

आपल्याकडच्या जुन्या खेळाने याच प्रश्नाला अगदी उलट दिशेने हात घातला होता. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट, ज्याचे कर्तृत्व आपली परंपरा ज्ञानेश्वरांकडे देते, आणि त्याचाच तमिळ भाऊ परमपद सोपान, जो मार्गळी महिन्यात वैकुंठ एकादशीच्या जागरणाला या प्रांतातली घरे आजही मांडतात, यांत निवडीला तिळमात्र जागा नाही. दान पडेल तितकी घरे सरकायचे. पापाच्या घरात सर्प गिळणार आणि पुण्याच्या घरातून शिडी चढवणार. म्हणजे जुन्या पटावर फळ आहे पण निवड नाही, आणि नव्या विश्वात निवड आहे पण फळ नाही. दोन्ही अर्धीच चित्रे. तथापि मला विचाराल तर जुने अधिक प्रामाणिक, कारण सर्पाचे तोंड तेथे उघड रंगवलेले असते.

कृतीला मागे घेण्याची वाट नसावी, हा आग्रह केवळ संतकथांतला नाही. व्यवहारातही तो होता. तंजावरच्या भोसल्यांपैकी शहाजीराजांनी 1693 मध्ये येथून जवळच असलेले तिरुविसनल्लूर विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. राजाने उदक सोडून भूमी दिली की ती परत घेणे हे पातक मानले जाई, दानपत्राची मुदत चंद्रसूर्य असेतोवर असे, आणि घेणारा ब्राह्मण असो की देणारा राजा, दोघांच्याही शब्दाला वजन येई ते त्या पाण्याच्या धारेमुळे. पाणी परत ओंजळीत घेता येत नाही.

आता या खेळणाऱ्यांमधल्या एका छोट्या पंथाविषयी. ही मंडळी खेळ सुरू करतानाच स्वतःला एक नियम घालून घेतात: आपले पात्र एकदा मेले की जतन केलेला सगळा डाव पुसून टाकायचा, मग त्यात शंभर तास का गेलेले असेनात. खेळ तसे करायला सांगत नाही, कोणी तपासायला येत नाही, आणि लबाडी करायला एक कळ पुरते. निर्मात्याने जे फळ दिले नाही ते यांनी स्वतःच्या अंगावर ओढून घेतले. याला आपल्या भाषेत व्रत म्हणतात, आणि तसे म्हणताना मला संकोच वाटत नाही. त्रेसष्टांपैकी अदिपत्त हा नागपट्टणचा कोळी; जाळ्यात आलेला पहिला मासा शिवाला अर्पण म्हणून समुद्रात सोडायचा, हा त्याचा नेम. पुढे दिवसाला एकच मासा मिळू लागला तरी तो सोडत राहिला आणि उपाशी राहिला; शेवटी रत्नजडित सोन्याचा मासा लागला, तोही पहिलाच म्हणून त्याने सोडला.

मात्र साम्य येथे संपते, आणि पुढचा प्रश्न मला सोपा वाटत नाही. व्रताला देवता लागते की व्रत पुरेसे? मीमांसक म्हणत आले की विधी यथासांग झाला म्हणजे फळ त्याच्याच सामर्थ्याने येते, देवतेला देह असण्याचीही गरज नाही. त्यांच्या कचेरीत डाव पुसून टाकणाऱ्या या तरुणाचा दावा बहुधा मंजूर होईल. सेक्किळारासमोर त्याची दाद लागेल असे मला वाटत नाही. त्याच्या संतांपैकी कितीजणांनी नेम पाळला तो नेमासाठी? अदिपत्ताने मासा समुद्राला दिला नव्हता, शिवाला दिला होता. आणि इतर कित्येकांच्या दारात तर तो मागणारा स्वतः, भस्म फासून, वेष पालटून, भलतीच मागणी घेऊन उभा होता.