कौतुक आणि खांदा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पवित्र कुटुंबाचा सण होता. नाताळनंतरच्या त्या रविवारी मिस्साच्या प्रवचनात मी धर्मग्रामातील एका मुलीचे, नाव न घेता, परंतु सर्वांना ओळखू येईल अशा शब्दांत कौतुक केले. वय वर्षे चौदा. आई दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेली, वडील दारूच्या आहारी गेलेले, पाठची दोन भावंडे लहान. पहाटे उठून पाणी भरायचे, आईचे अंग पुसायचे, भाकरी थापायच्या, भावंडांना शाळेत धाडायचे आणि हे सारे उरकून रविवारी देवळात हजर राहायचे, असा तिचा क्रम. "नाझरेथचे घर पाहायला फार दूर जायला नको," असे मी म्हणालो. अनेकांचे डोळे पाणावले. प्रवचन चांगले झाले, असे मलाही वाटले.

पुढच्या आठवड्यात ती मुलगी भेटायला आली. बराच वेळ गप्प बसली. मग खाली मान घालून म्हणाली, "फादर, तुम्ही माझं एवढं कौतुक केलंत. आता मला कंटाळा आला, असं कुणाला सांगताच येत नाही."

दिवाळीपासून ती शाळेत गेलेली नव्हती, हे मला त्या दिवशी कळले. भावंडांना शाळेत धाडणारी मुलगी स्वतः कोठे जाते, हा साधा प्रश्न आम्हां कोणालाच पडला नव्हता. मी तिच्या त्यागाची स्तुती केली आणि त्या स्तुतीनेच तिच्या तोंडाला कुलूप लावले. तेव्हापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. जो त्याग करण्यावाचून गत्यंतरच नव्हते, त्याला आपण त्याग म्हणावे काय? आणि तसे म्हणून आपण नेमके कोणाचे समाधान करतो, तिचे की आपले?

हे काही एका घराचे दुखणे नव्हे. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. पाळीच्या नोकरीमुळे कित्येक घरांत बाप झोपेल तेव्हा मुले जागी आणि मुले झोपतील तेव्हा बाप कामावर. तेथेच राज्य राखीव पोलीस दल. बंदोबस्तासाठी महिनोन् महिने बाहेर राहणाऱ्या जवानाचे घर एकटी बाई ओढते. शिरूरकडे रांजणगावचे कारखाने आहेत. परगावाहून आलेल्या त्या कामगारांच्या बिऱ्हाडांत मूल सांभाळायला ना आजी ना मावशी. आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू झाली की फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटेच कोयता घेऊन फडात उतरतात आणि कोपीत तान्हे भावंड कडेवर घेऊन बसते ती आठ-दहा वर्षांची थोरली बहीण. तिला कोणी 'काळजीवाहू' म्हणत नाही. 'मोठी शहाणी पोर आहे हो,' एवढेच म्हणतात.

या ओझ्याचे मोजमाप झालेलेच नाही, असे मात्र नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यात आढळले की, गर्भारपणी ज्या स्त्रियांच्या वाट्याला घरातली आणि शेतातली अंगमेहनत अधिक आली, त्यांची बाळे जन्मतः सरासरीने लहान होती. म्हणजे आईच्या डोक्यावरचे ओझे बाळापर्यंत त्याच्या जन्माआधीच पोहोचते. २०१९ साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तीत दिसून आले. या २९९ मिनिटांना पगार नाही, रजा नाही आणि बहुतेक घरांत आभारही नाहीत.

तथापि एक अभ्यास आपल्याला थोडे थांबून विचार करायला लावतो. हवाई बेटांपैकी कौआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या विदुषींनी ती मुले चाळिशीला पोहोचेपर्यंत घेतला. गरिबी, घरातील कलह, आईवडिलांचे व्यसन किंवा मनाचा आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे दोनतृतीयांश पुढे अडचणीत आली. परंतु उरलेली एकतृतीयांश कर्तबगार आणि प्रेमळ माणसे झाली. त्यांच्यात काय निराळे होते? पाठीशी उभे राहणारे निदान एक तरी मायेचे माणूस त्यांना लाभले होते. कधी आजी, कधी शिक्षिका, कधी शेजारीण. आणि विशेष म्हणजे, त्यांच्यापैकी अनेकांनी लहानपणी धाकट्या भावंडांची जबाबदारीही उचलली होती. जबाबदारीने मूल मोडतेच असे नाही. एकटेपणाने मोडते.

संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रथमदर्शनी एक विसंगती दिसते. एके ठिकाणी तो एकमेकांची ओझी वाहा असे सांगतो आणि लगेच पुढे, प्रत्येकाला आपापला भार वाहायचा आहे असे म्हणतो. मूळ ग्रीक पाहिले की उलगडा होतो. पहिला शब्द 'बारोस', म्हणजे चिरडून टाकणारे वजन. दुसरा 'फोर्तिऑन', म्हणजे ज्याचे त्याने न्यायचे गाठोडे. मुलाने आजारी आईला पाणी द्यावे, धाकट्याला जोजवावे, हे त्याचे गाठोडे. ते काढून घेतले तर त्याच्या वाढीलाच मुकावे लागेल. परंतु अख्खे घर त्याच्या पाठीवर येऊन पडले तर ते 'बारोस' होय आणि ते वाहण्याची आज्ञा त्या एकट्याला नाही, तुम्हांआम्हांला आहे.

कोणी म्हणेल, "फादर, असे बोलून तुम्ही मुलांना कर्तव्यातून पळवाट दाखवता." तसे नव्हे. देवाला अर्पण केल्याचे निमित्त सांगून आईबापांचे देणे चुकवणाऱ्यांना प्रभू येशूने कठोर शब्दांत फटकारले होते, हे मार्कच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. पण धर्माच्या नावाने कर्तव्य टाळण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि तो आपण रोज करतो. दुसऱ्याच्या क्रूसाची स्तुती करायची आणि आपला खांदा मात्र मोकळा ठेवायचा.

उपवासकाळात आपण क्रूसाची वाट करतो. पाचव्या स्थानाशी कुरेनेकर शिमोन भेटतो. शेताकडून परतणारा वाटसरू. शिपायांनी त्याला बळेच धरले. जगाचा उद्धार करणाऱ्या प्रभूनेही दुसऱ्याचा खांदा नाकारला नाही, मग चौदा वर्षांच्या पोरीने तो का नाकारावा? मार्क शिमोनाची ओळख 'आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप' अशी करून देतो, हेही मला महत्त्वाचे वाटते. बापाने थोडा वेळ वाहिलेले परके ओझे त्याच्या मुलांची ओळख होऊन राहिले. आपल्या मुलांना आपण कसली ओळख देणार?

आपल्याकडे 'खांदा देणे' म्हटले की तिरडी आठवते. मयताला खांदा द्यायला गाव धावते आणि ही मोठी चांगली रीत आहे. मात्र तो खांदा थोडा आधी मिळाला असता तर कित्येक घरांवरचे ओझे हलके झाले असते. त्यासाठी फार काही लागत नाही. आजाऱ्यापाशी आठवड्यातून दोन सकाळी कोणी बसावे. शाळेत न दिसणाऱ्या मुलाची चौकशी करावी. आजारी आईबाप ज्यांना सांभाळू शकत नाहीत अशा मुलांसाठी शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिचा अर्ज भरायला कोणी सोबत जावे. आणि ज्याच्यावर भार आहे त्याने "मी थकलो" म्हटले, तर त्याला उपदेश न करता ऐकून घ्यावे. थकवा हे पाप नव्हे.

त्या मुलीच्या घरी पुढे धर्मग्रामातील दोन बायका पाळीपाळीने जाऊ लागल्या. एक न्हाऊमाखू घाली, दुसरी स्वयंपाक पाही. वडिलांचे व्यसन काही सुटले नाही. आईही उठून बसली नाही. मुलगी मात्र शाळेत परतली आणि एक वर्ष उशिरा का होईना, दहावी झाली. एका रविवारी ती मिस्साला उशिरा आली, मैत्रिणींत बसली आणि प्रवचन चालू असताना त्यांच्याशी कुजबुजून हसली.

मी तिला रागावलो नाही. चौदाव्या वर्षी जे हसायचे राहून गेले होते, ते ती आता हसत होती.