लिटरचा हिशेब आणि दिग्व्रत

गाडी घ्यायला निघालेला माणूस शोरूममध्ये पाय ठेवतो आणि विचारतो, ‘ॲव्हरेज किती पडतं?’ पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड देणाऱ्या हायब्रिडने या प्रश्नाचं उत्तर खरोखरच बदललं. 2022मध्ये आलेली मारुतीची ग्रँड विटारा घ्या. माइल्ड हायब्रिड, म्हणजे जवळपास साधीच पेट्रोल गाडी, मॅन्युअल गिअरमध्ये लिटरला 21.11 किलोमीटर, स्ट्राँग हायब्रिड 27.97. आकडे चाचणीतले, रोलरवर गाडी पळवून काढलेले. रस्त्यावर दोन्ही घसरतात, पण शहरात फरक उरतोच.

तो येतो कुठून? पेट्रोल इंजिनाची खरी उधळपट्टी गर्दीत होते. सिग्नलला ते नुसतं धुगधुगतं. जरा वेग घ्यावा तर ब्रेक, आणि कमावलेली गती उष्णता होऊन वाया जाते. हायब्रिडमध्ये ब्रेक दाबताच मोटरच जनित्र होते आणि त्या गतीचा काही वाटा बॅटरीत परत आणते. टोयोटाने डिसेंबर 1997मध्ये जपानमध्ये विकायला काढलेली प्रिअस याच युक्तीवर चालत होती. म्हणूनच गजबजलेल्या लक्ष्मी रोडवर कमाल दाखवणाऱ्या गाडीची ऐट द्रुतगती मार्गावर उतरते. तिथे ब्रेक लागतो क्वचित, आणि वाऱ्याचा अडसर कुणालाच चुकत नाही.

हायब्रिड कमी पिते, हे मान्य. पण काटकसर हा गुण यंत्राचा की माणसाचा?

जैन श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थाच्या, बारा व्रतांत एक आहे दिग्व्रत. पूर्वेला, पश्चिमेला, प्रत्येक दिशेला आपण कुठवर जाणार याची मर्यादा त्याने आखून घ्यायची. तिच्यापलीकडे निदान आपल्या हातून हिंसा घडणार नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात याच रांगेत अनर्थदंडविरती येते: निष्कारण पाप टाळणं. या व्रतांना लिटरमागच्या किलोमीटरशी कर्तव्य नाही. किती दूर जायचं आणि जायचं तरी कशाला, एवढंच ती विचारतात.

हा प्रश्न नुसता पोथीतला नाही. अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने 1865मध्ये ‘द कोल क्वेश्चन’ या पुस्तकात दाखवलं, की जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाला कोळसा कमी लागला आणि तरीही ब्रिटनमधला कोळशाचा खप वाढला. काम स्वस्त झालं, की नवी कामं सुचतात. विटाराचाच हिशेब मांडला, तर महिन्याला 1000 किलोमीटर फिरणारा माणूस हायब्रिड घेऊन 1325 फिरू लागला की पेट्रोल तेवढंच जळतं. मोटारींच्या बाबतीत सगळी बचत अशी सहसा बुडत नाही, थोडीच जास्तीच्या फेऱ्यांत जाते, हेही खरं.

प्लग-इन हायब्रिडची, म्हणजे बाहेरून चार्ज करता येणाऱ्या हायब्रिडची, गोष्ट अधिक बोलकी आहे. युरोपीय आयोगाच्या 2024च्या अहवालात त्यांचं रस्त्यावरचं कार्बन उत्सर्जन चाचणीतल्या आकड्याच्या साडेतीनपट निघालं. मालक गाडी चार्ज करतील हे चाचणीने गृहीत धरलं होतं. मालकांनी तितकं केलं नाही. यंत्र बिचारं निर्दोष.

दिग्व्रताचा हा उपदेश टॅक्सीवाल्याला मात्र करू नये. त्याचे किलोमीटर गिऱ्हाईक ठरवतं, कधी दादर तर कधी थेट विमानतळ, आणि दिवस जातो सिग्नलवर. 21.11 आणि 27.97 यांच्यातलं अंतर त्याच्या खिशात रात्री नोटांच्या रूपाने मोजता येतं.